एवढं झालं की झालं

जमिनीवर चालणाऱ्या गाडीला जमिनीवरचे आजार होतात: टायर बसतो, क्लच जळतो, सायलेन्सर गळून पडतो. पाण्यात चालणाऱ्या होडीला पाण्यातले आजार होतात: बूड गळतं, पंप अडतो, गंज चढतो. जी गाडी दोन्हीकडे चालते तिला दोन्हीकडचे आजार होतात, आणि वर एक तिसरा होतो, तो फक्त मालकाला. लक्षणं सोपी आहेत. माणूस रविवारी सकाळी अर्धा चहा टाकून गॅरेजमध्ये जातो, अंधार पडल्यावर काळ्याकुट्ट हातांनी परत येतो, आणि "झालं का?" असं विचारलं की म्हणतो, "एवढं झालं की झालं."

आमच्याकडे हा आजार साडूंनी आणला. आम्ही दोन्ही कुटुंबं कॅनडात, ऑन्टारिओत राहतो. या प्रांतात अडीच लाखांहून जास्त तळी आहेत. तळ्यांच्या मधल्या जागेत दलदल आहे आणि दलदलीच्या वरच्या जागेत डास आहेत. असं असताना साडूंनी उत्तरेला जमीन घेतली. जमीन म्हणायचं ते खरेदीखतात. प्रत्यक्षात मधोमध बीव्हरांनी बांध घालून केलेलं तळं, त्याच्या चारी अंगांनी चिखल, आणि पलीकडे एक उंचवटा. त्या उंचवट्यावरून सूर्यास्त फार सुंदर दिसत असणार, असं साडूंचं म्हणणं. 'असणार', कारण तिथे कुणी पोचलंच नव्हतं.

"होडी घ्या की," मी म्हणालो.

"होडी चिखलात चालत नाही."

"मग गमबूट घ्या."

"गमबूट तळ्यात चालत नाहीत. साडूभाऊ, दोन्हीकडे चालणारी गाडी मी बघून ठेवलीय. निम्मे पैसे तुमचे, निम्मी गाडी तुमची."

"कुठली निम्मी?"

"जमिनीवर असेल तेव्हा माझी. पाण्यात असेल तेव्हा तुमची."

वाटणीचा हा तत्त्वविचार मला त्या वेळी उदार वाटला.

अशा गाड्यांची जात मूळची इथलीच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन गॉवर या कॅनेडियन गृहस्थांनी 'जिगर' नावाची छोटी सहाचाकी काढली. १९६७ साली न्यू हॅम्बर्ग गावातल्या, गिअर बनवणाऱ्या कारखान्याने 'आर्गो' काढली. ती अजून निघते. सीमेपलीकडे बफेलोत 'मॅक्स' निघाली. 'ॲम्फिकॅट' तर अमेरिकेत टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात झळकली. त्यात प्राण्यांचे मुखवटे घातलेली माणसं ती उधळत न्यायची. १९७०च्या आसपास असल्या गाड्या काढणारे पुष्कळ होते. मग बहुतेकांनी दुकान बंद केलं. गाड्या मात्र बंद झाल्या नाहीत. म्हणजे बंद पडल्या, पण मालकांनी ते मान्य केलं नाही.

आर्गोवाल्यांनी पुढे कॅनडाच्या अवकाश संस्थेसाठी चंद्रावर चालवायच्या गाडीचा नमुनाही केला. ही माहिती साडू आल्यागेल्याला आवर्जून देतात. आमची गाडी त्यांची नाही, तिसऱ्याच कुणाची आहे. त्यांचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हे. त्यांच्या हातून सुटली तेव्हा ती चालत होती.

जाहिरात वाचायला साडू मला घेऊन बसले. सेकंडहँड बाजाराची भाषा मला तेव्हा येत नव्हती. 'गेल्या वर्षी चालत होती' म्हणजे यंदा चालत नाही. 'सुटे भाग सोबत' म्हणजे गाडी सुट्या भागांत आहे. 'थोडं काम आहे' म्हणजे काम आहे, आणि ते तुम्हाला आहे. विकणारा एक वयस्कर शेतकरी होता. आम्ही काही बोलायच्या आत त्याने किंमत कमी केली. गाडी ट्रेलरवर चढवायला स्वतः मागून खांदा लावला, बांधायला स्वतःचे दोर दिले, ते परतही मागितले नाहीत. आमचा ट्रेलर फाटकाबाहेर पडला तसं त्याने फाटकाला आतून कुलूप लावलं.

गाडी अंगणात उतरली तेव्हा सासूबाई इथेच होत्या. त्या सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या लेकींकडे आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून घेतला.

"घंगाळाला चाकं कुणी लावली?"

"आई, ही कुठेही जाते," साडू म्हणाले. "जमिनीवर, चिखलात, बर्फात, पाण्यात."

"मग ट्रेलरवरून का आणली?"

साडू गाडीखाली शिरले. उत्तर सुचलं नाही की गाडीखाली शिरायची सोय, हा या वाहनाचा मोठाच फायदा आहे.

गाडीची रचना मला नंतर टप्प्याटप्प्याने कळली, प्रत्येक टप्प्याला एकेक वस्तू तुटत गेल्यामुळे. हिला सहा फुगीर चाकं आहेत आणि स्प्रिंग एकही नाही. टायरातली कमी हवा हीच स्प्रिंग. साध्या मोटारीच्या टायरात ३२ ते ३५ पौंड हवा लागते, हिला दोन-तीन. नेहमीच्या गेजचा काटा एवढ्याशा हवेची दखलच घेत नाही, म्हणून गेज वेगळा घ्यावा लागतो. तो येईपर्यंत साडूंनी अंदाजाने हवा भरली. त्या दिवशी गाडी गल्लीभर उसळत गेली आणि साडू तिच्यापेक्षा थोडे वर राहिले.

हिची पुढची चाकं वळत नाहीत. डावीकडे वळायचं तर डाव्या अंगाची चाकं अडवायची, मग उजवी चाकं गाडीला फरपटत फिरवतात. चिखलात हे सुरेख होतं. मेहुणीने दोन उन्हाळे खपून केलेल्या हिरवळीवर साडूंनी गाडी 'नुसती वळवून बघितली', तिथे आता मेथी येते.

इंजिनाची ताकद पट्ट्यावरून गिअरबॉक्सला आणि तिथून चेनवरून ॲक्सलांना जाते. या चेन गाडीच्या पोटात असतात. सीट काढायची, तळाच्या फळ्या उचलायच्या, तेव्हा दर्शन होतं. चेन सैल असली की खडखडते. ती आवळली की बेअरिंग रडतं. बेअरिंगला ग्रीसगनने ग्रीस मारायचं, आतलं जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत मारत राहायचं, असं पुस्तकात आहे. ते नेमकं कुठून बाहेर येईल हे पुस्तकात नाही. ते साडूंच्या कानावर आलं.

या सगळ्यात माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आहे. मी हिशेबनीस. नट आणि बोल्ट यांतला नर कोणता हे मला अजून थांबून आठवावं लागतं, म्हणून अवजारं मला देत नाहीत. पण टॉर्च धरणं ही काही साधी कला नव्हे.

"साडूभाऊ, मी बघतोय तिकडे धरा. तुम्ही बघताय तिकडे नको."

"पण तुम्ही कुठे बघताय ते मला कसं दिसणार?"

"टॉर्च धरल्यावर दिसेल."

गाडीचं पोट पहिल्यांदा उघडलं तेव्हा पुराणवस्तू खात्याला बोलवावं असं वाटलं. वरच्या थरात पाइनच्या सुया. त्याखाली उंदरांची वसाहत, सीटच्या स्पंजाची गादी आणि वायरींच्या आवरणाची सजावट असलेली. त्याखाली मासे धरायचे गळ. ते साडूंच्या बोटांनी शोधले. त्याखाली आधीच्या मालकाचा चष्मा. आणि सर्वांत खाली, तेलात बुडालेला, दहा नंबरचा पाना.

"बघा, लोक किती निष्काळजी असतात!" साडू पाना उंचावत म्हणाले.

मी टॉर्च पान्यावर धरला. दांड्याला मेहुणीने ओळखीसाठी लावलेलं लाल नेलपॉलिश होतं. हा पाना आमच्याच गॅरेजमधून तासाभरापूर्वी नाहीसा झाला होता. हिच्या वर कुठेही काहीही सुटलं तरी ते अखेर पोटात जातं. पुढे स्क्रूड्रायव्हर गेला, माझं पेन गेलं, एक अख्खा बेसनाचा लाडू गेला. उंदीर परत आले ते त्याच सुमारास.

इंजिन सुरू होत नव्हतं, कारण हिवाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर झाला होता. साडूंची यंत्रविद्या ही कॉलेजातल्या स्कूटरवर बेतलेली. स्कूटर सुरू झाली नाही की आडवी करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची, हा त्यांचा सिद्धांत. ते या सहाचाकीभोवती बराच वेळ फिरले. मग शेजारच्या पंजाबी गृहस्थांना हाक मारली. तिघांनी मिळून गाडी एका अंगावर कलती केली. आतलं तेल, पाणी, सुया आणि एक उंदीर दुसऱ्या अंगाने बाहेर आले. इंजिन काही सुरू झालं नाही, पण पोट साफ झालं, आणि साडूंच्या मते तेच मूळ काम होतं.

मग बुडाची चीर सापडली. हिचं बूड जाड पॉलिथिनचं असतं. या प्लॅस्टिकचा गुण असा की त्याला कुठलाही गोंद चिकटत नाही. दुकानातले सगळे गोंद आम्ही आणून लावले. ते साडूंच्या शर्टाला चिकटले, माझ्या चपलेला चिकटले, एक तर झाकणाला असा चिकटला की नळी पुन्हा उघडलीच नाही. अखेर कळलं की त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायच्या आणि उष्णतेने वितळवून चीर भरायची. संध्याकाळी मेहुणी बाहेर आली.

"अहो, माझी निळी बादली कुठाय?"

साडू गाडीखाली शिरले. बुडाला तेव्हापासून निळं ठिगळ आहे.

ठिगळाची परीक्षा घ्यायला आम्ही गाडी सपाट जागी ठेवून तिच्यात नळीने पाणी भरलं. बाहेर गळतंय का ते बघायचं होतं. सासूबाई कुरडयांचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"जावईबापू, हिला दार कुठाय?"

"दार नसतं, आई. दार ठेवलं तर पाणी आत येईल."

"मग आता कुठून येतंय?"

विम्यासाठी मी फोन केला, कारण कागदपत्रं हिशेबनिसाच्या वाट्याला येतात. पलीकडच्या बाईंचा आवाज गोड होता.

"वाहन पाण्यात जातं का?"

"जातं."

"म्हणजे बोट. होडी विभागाला जोडून देते."

होडी विभागाने विचारलं, "चाकं आहेत का?"

"सहा."

"म्हणजे गाडी. गाडी विभागाला देते."

दोन्ही विभागांनी मिळून मला इतक्या वेळा पाण्यातून जमिनीवर आणि जमिनीवरून पाण्यात नेलं की गाडी विकत न घेताही उभयचर होता येतं हे सिद्ध झालं.

एवढ्यावर गाडी चालू झाली असती, तर निदान बिघडवायला काही उरलं असतं. पण साडूंच्या मते आता तिला 'सजवणं' भाग होतं. नव्या वस्तू रोज दाराशी यायला लागल्या. चिखलात अडकलो तर ओढायला विंच. विंचला करंट लागतो म्हणून दुसरी बॅटरी. पाऊस आला तर छत. छत आहे तर पुढे काच. काच आहे तर वायपर. थंडीत काचेवर वाफ धरते म्हणून हीटर. पाणी उपसायला बिल्ज पंप. तो बंद पडला तर दुसरा बिल्ज पंप. कायद्याने होडीत लागते ती १५ मीटर लांबीची तरंगती दोरी, माणशी एक लाइफ जॅकेट, शिट्टी. आणि मागे मूस नावाचं अजस्र हरीण मारून लादायला लोखंडी रॅक.

"आपण शाकाहारी आहोत," मी आठवण करून दिली.

"रॅक स्वस्तात मिळाला."

रॅकवर सासूबाईंनी पापड वाळवले, छतावर कुरडया. गाडीचा घरात कुणाला तरी उपयोग झाला तो हा पहिला, आणि त्यासाठी इंजिन लागलं नाही.

याच दिवसांत मी मालकाच्या पुस्तिकेचं भार-प्रकरण वाचलं, आणि आमच्या कौटुंबिक जीवनाला तडा गेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: जमिनीवर चार माणसं, पाण्यात दोन.

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे तळ्यापर्यंत चौघांनी जायचं. काठावर दोघांनी उतरायचं."

"कुठल्या दोघांनी?"

त्या रात्री जेवताना कुणी कुणाला भाजी वाढली नाही. साडूंचा मुद्दा असा की चालक पाहिजेच. माझा मुद्दा असा की पाण्यात गाडी माझी आहे. मेहुणी म्हणाली, बादली तिची होती. बायको म्हणाली, ती उतरायला तयार आहे, पण तिचे निम्मे पैसे रोख परत करून. अखेर मी वजनांचा तक्ता मांडला. एका बाजूला पुस्तिकेने पाण्यासाठी दिलेली भारमर्यादा, दुसऱ्या बाजूला विंच, बॅटऱ्या, छत, काच, हीटर, रॅक वगैरे. वजाबाकी केली. पाण्यात आता दीड माणूस बसू शकत होता.

"ठीक आहे," साडू म्हणाले. "मी एक, तुम्ही अर्धे."

अखेर इंजिन सुरू झालं, आणि जलावतरणाचा दिवस उजाडला. अशा गाडीच्या बुडाला पाणी सोडायला भोक असतं आणि भोकाला बूच असतं. जगातले अर्धे होडीवाले हे बूच लावायला विसरतात, म्हणून साडूंनी ते विसरू नये अशी व्यवस्था केली होती: बूच सुतळीने हँडलला, डोळ्यांसमोर टांगलं होतं. तळ्याच्या मध्यावर पोचलो तेव्हाही ते डोळ्यांसमोरच होतं.

पाण्यात ही गाडी नुसत्या टायरांच्या फिरण्यावर पुढे सरकते, चार-पाच किलोमीटरच्या वेगाने, तेही वारा पडलेला असेल तर. वारा होता. आमच्या बाजूने बदकांची एक आई सगळी पिल्लं घेऊन पुढे गेली. शेवटच्या पिल्लाने मागे वळून पाहिलं. साडूंनी दोन्ही पंप चालू केले. विंच, वायपर, हीटर यांच्या जोडीला दोन पंप आल्यावर दोन्ही बॅटऱ्यांनी एकमताने निवृत्ती घेतली. मी बायकोचं स्टीलचं पातेलं काढलं आणि उपसायला लागलो. आणलेल्या सगळ्या सामानातली तेवढी एकच वस्तू चालली, आणि ती फुकटची होती.

कसेबसे पलीकडे लागलो तर काठ म्हणजे गुडघाभर दलदल. इंजिन चालू होतं, त्यामुळे बॅटरीत थोडा जीव आला होता. साडूंनी विंचचा हुक समोरच्या काळ्या स्प्रूसला अडकवला. दलदलीत या झाडाची मुळं वरच्यावर पसरतात, खोल जात नाहीत. दोर ताणला गेला, विंच कण्हली, आणि झाड आमच्याकडे आलं. गाडी होती तिथेच राहिली.

झाडाखालून मान बाहेर काढून पाहिलं तर उंचवट्यावर दोघी बहिणी बसलेल्या. बीव्हरांच्या बांधावरून चालत पाचेक मिनिटांत पोचल्या होत्या. थर्मास उघडला होता, चिवडा काढला होता.

"सूर्यास्त खरंच छान दिसतो हो इथून!" मेहुणी ओरडली. "तुम्ही पण दिसताय!"

घरी आल्यावर ठराव झाला: गाडी विकायची. दोघींची मतं बाजूने, आमची विरोधात. ठराव बहुमताने संमत. आठवड्याभरात एक गिऱ्हाईक आलं. मध्यम वयाचा माणूस, नखांत ग्रीस.

"गळते का?" त्याने विचारलं.

"फक्त पाण्यात," साडू म्हणाले.

तो मनापासून हसला आणि गाडीखाली शिरला. साडूही शिरले. मी टॉर्च धरला. निळ्या ठिगळावर त्याने हात फिरवून "बादली?" असं विचारलं, तेव्हाच मला व्यवहाराची दिशा समजायला हवी होती. त्याच्याकडे याच मॉडेलची गाडी होती, गेल्या वर्षीपर्यंत चालत होती. आमच्या गाडीचा गिअरबॉक्स काढून तिच्यात बसवावा, असा त्याचा विचार होता. तासाभराने दोघे बाहेर आले तेव्हा गिअरबॉक्सची रवानगी उलट दिशेला ठरली होती: त्याची गाडी आम्ही घ्यायची, सुट्या भागांसाठी. किंमत त्याने आम्ही न मागता कमी केली. जाताना तो फार मोकळा, फार तरुण दिसत होता.

शनिवारी ट्रेलर आणून आम्ही अंगणात लावला. दोघी बहिणी पायरीवर उभ्या होत्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बायकोने विचारलं, "आता पाण्यात किती?"

साडूंचा चेहरा फुलला. "दोन गाड्या, प्रत्येकी दोन माणसं. आता कुणालाही काठावर उतरायला नको! चौघंही जाऊ!"

"आणि आई? ती पुढच्या जूनमध्ये परत येतेय."

साडूंनी बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि खिशातून फोन काढला.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "ट्रेलर एवढ्यात सोडू नका."